तिसरं कडवं

सोलापुरात उन्हाळा येत नाही. तो इथलाच रहिवासी आहे. मधले काही महिने कुठंतरी पाहुणा म्हणून जातो आणि होळी झाली की हक्कानं परत येऊन बसतो. यंदाही बसलाय. परवा दुपारी बाराला दारं-खिडक्या लावून घेतल्या, पंखा गरम वारा फेकायला लागला आणि नातीनं फोनवर गाणं लावलं. गाणं माझ्याच वेळचं होतं. पण तिच्या फोनच्या काचेवर त्या गाण्याच्या ओळी आपोआप सरकत होत्या. गायिका जी ओळ म्हणेल ती उजळायची, म्हणून झाली की वर जायची. एकही ओळ सुटत नव्हती. आणि नात आंब्याची कोय चोखत बसली होती, तिचं तिकडं लक्षही नव्हतं.

मला इतका राग आला म्हणून सांगू! सत्तरीकडं झुकलेल्या बाईनं फोनवर जळावं हे काही शोभत नाही. पण जळण्याच्या बाबतीत मी कधी वयाचा विचार केलेला नाही. मॅट्रिकची परीक्षा दिली त्या उन्हाळ्यात मी जितकी जळले तितकी पुन्हा कधी जळले नाही, एवढं मात्र खरं. मोठा दुष्काळ सरून दोन-तीन वर्षं झाली होती. निकालाला अवकाश होता, शाळा कायमची संपली होती, कॉलेज मिळेल की लग्न ठरेल हे कुणी बोलत नव्हतं. करायला काही नव्हतं. अशा रिकाम्या दिवसांत माणूस एक तर देवाचं नाव घेतो, नाही तर गाणी लिहून काढतो. आम्ही गाणी लिहून काढत होतो.

आम्ही म्हणजे मी आणि नागमणी. आमच्या घरी रेडिओ नव्हता. आई-वडील वेळापूरकडचे, वडील मिलमध्ये कामाला लागले म्हणून आम्ही शहरात आलो, आणि दोन खोल्यांत भाकरीच्या डब्यापासून पांघरुणापर्यंत सगळं होतं, फक्त रेडिओ नव्हता. नागमणीच्या घरी होता. ती तेलुगू विणकरांची पोर, दोन गल्ल्या पलीकडं राहायची. घरातल्या पुढच्या लांबट खोलीत चार माग, मागं स्वयंपाक, आणि मधल्या भिंतीवरच्या फळीवर रेडिओ. त्याच्यावर तिच्या आईनं क्रोशाचं झाकण घातलं होतं. माग चालू असले की रेडिओतलं एक अक्षर ऐकू यायचं नाही. पण बारा वाजता जेवणासाठी माग थांबायचे, आणि नेमका बारालाच फर्माइशीचा कार्यक्रम असायचा. सगळं कसं जमून आलं होतं.

माग थांबल्यावर काय होतं हे त्या घरात न गेलेल्याला सांगून कळायचं नाही. खटखट बंद होते, पण कानात ती चालूच राहते. पहिली दोन-तीन मिनिटं तर रेडिओतला माणूस बोलतो आणि मागून अजून कुणीतरी विणतंय असं वाटतं. नागमणीला त्याचं काही नसायचं, ती त्यातच जन्मली होती. मला मात्र रोज नवल वाटायचं.

तर गाणी लिहिण्याची आमची पद्धत सांगते. रेडिओवर गाणं एकदाच लागतं, थांब म्हटलं तर थांबत नाही. एकटीनं लिहायला गेलं की पहिली ओळ लिहून होईपर्यंत दुसरी निघून जाते. म्हणून आम्ही वाटणी केली होती. पहिली ओळ नागमणीची, दुसरी माझी, तिसरी पुन्हा तिची, चौथी माझी. ती सुताच्या कांड्या भरायचा चरखा बाजूला सारून मांडी घालून बसायची, मी तिच्या गुडघ्याला गुडघा लावून. गाणं संपलं की दोघींची पानं शेजारी ठेवायची आणि एकआड एक ओळ जुळवत पक्क्या वहीत गाणं उतरवायचं. नुसतं माझं पान कुणी वाचलं असतं तर त्याला वेड लागलं असतं. नुसतं तिचं वाचलं असतं तरी लागलं असतं. दोघींचं मिळूनच ते शहाणपणाचं व्हायचं आणि हेच मला त्यात सगळ्यात आवडायचं. माझ्यावाचून तिचं एकही गाणं पुरं होत नव्हतं.

माझ्या वाट्याला दुसरी ओळ का, तर नागमणीचा हात चपळ होता, सुरुवात तिला साधायची. पण दुसऱ्या ओळीला यमक असतं. त्यामुळं रोज मी नुसती यमकं लिहीत होते. पुढं पुढं असं व्हायचं की गायिका म्हणायच्या आधीच माझ्या पेन्सिलीला शेवटचा शब्द सुचलेला असायचा, आणि चारांत तीनदा तोच निघायचा.

आई मात्र वैतागलेली. डोक्यावर पदर धरून मी उन्हात निघाले की ती चुलीपुढून ओरडायची, "सुमे, कुटं निगालीस उनाची? त्या रेडूत काय पुरून ठिवलंय गं तुजं?"

"गाणी हायती आई."

"गाणी! जात्यावर बसलीस तर तितंबी सुचतील की."

मतं आम्हा दोघींना भरपूर होती. गाणाऱ्या दोन बायका आम्ही वाटून घेतल्या होत्या, पातळ आवाजाची तिची आणि भरल्या आवाजाची माझी. डोंगर चढता चढता गाणं म्हणणारा हिरो मला मंजूर नव्हता. ज्याला दम लागत नाही त्याचं प्रेम खरं कसं मानायचं? नागमणीचं म्हणणं, दम लागणारा हिरो पाहायला कशाला जायचं, तसे घरात हायत की. एकच गाणं सुखाचं एकदा आणि दुःखाचं एकदा असं दोनदा येतं, त्यातलं दुःखाचं नेहमी सरस असतं हे आम्हाला दोघींना मान्य होतं, आणि रेडिओवाले नेहमी सुखाचंच लावतात म्हणून दोघी मिळून त्यांना शिव्या द्यायचो. विनोदी नटाचं गाणं लागलं की आम्ही उठून जमिनीवर पाणी शिंपडायचो, तेवढीच कामं उरकायची. आणि तिसऱ्या कडव्याबद्दल माझं एक खास मत होतं. पहिलं कडवं गीतकार मन लावून लिहितो, दुसरं निभावून नेतो आणि तिसऱ्याला दमतो. तिसऱ्या कडव्यात हटकून चांद, चांदनी, सागर, किनारा. त्याला घरी जायची घाई झालेली असते.

तरी तिसरं कडवं आम्हाला हवंच असायचं, कारण रेडिओ ते ऐकवायचा नाही. दोन कडवी झाली की गाणं हळू करत नेऊन पुढच्या फर्माइशी सांगायला लागायचे. ती नावं तर मला ऐकवायची नाहीत. कुठकुठल्या गावचे लोक, बरोबर बायकापोरांची यादी, सगळ्यांना हेच गाणं ऐकायचं होतं म्हणे. एकदा चक्क नातेपुत्याचं नाव आलं. आपल्या जिल्ह्यातल्या माणसाचं नाव रेडिओवर आलं म्हणून नागमणीनं टाळ्या वाजवल्या. मला दिवसभर जेवण गोड लागलं नाही. नातेपुत्याच्या माणसानं असं काय केलं होतं जे आम्ही केलं नव्हतं? पत्रं तर आम्हीही टाकली होती.

असं सगळं सुरळीत चाललं असताना शैला आली.

शैलाचे वडील पुण्याहून बदलीवर सोलापूरला आलेले मोठे साहेब होते. राहायला रेल्वे लाइन्सकडं, घराला बाग. तिची आई नागमणीकडं चादरी पाहायला आली तेव्हा शैला बरोबर होती. बाराची वेळ. माग थांबले, रेडिओ लागला आणि आम्ही दोघी वह्या घेऊन बसलो. शैला उंबऱ्यात उभी राहून पाहत राहिली.

"तुम्ही एकेक ओळ आड लिहिताय?" तिनं विचारलं. "किती गोड! मी उद्या येऊ का?"

नागमणी म्हणाली, "या की. त्यात काय विचारायचं?"

'किती गोड' हे मी लहान मुलांना आणि बोरांना म्हणतात असं समजत होते.

ती दुसऱ्या दिवशी आली ती लेडीज सायकलवर. हातात वरून उलटायची छोटी वही आणि दोन टोकदार पेन्सिली. आम्ही आपल्या नेहमीसारख्या गुडघ्याला गुडघा लावून तयार झालो. गाणं सुरू झालं. मी माझी दुसरी ओळ लिहिली, मान वर केली आणि पाहते तर शैलाची पेन्सिल थांबतच नव्हती. वहीवर नुसत्या आकड्या, रेघा, टिंबं. गाणं संपलं, तीही थांबली. मग तिनं त्या आकड्यांवर बोट ठेवून पहिल्या शब्दापासून शेवटच्या शब्दापर्यंत गाणं वाचून दाखवलं. एकटीनं. पहिली ओळ, दुसरी ओळ, सगळ्या ओळी.

शॉर्टहँड. सुट्टीत ती टायपिंगच्या क्लासला जात होती आणि तिथं मराठी शॉर्टहँड शिकत होती. हिंदी गाणं लिहायला तिला जरासं वळवून घ्यावं लागायचं, एवढंच.

नागमणी तिच्या वहीवर वाकली. "अय्यो! हे सगळं गाणं हाय ह्यात?" तिनं माझ्याकडं पाहिलं ते आनंदानं. मला आनंद झाला असेल अशी तिची खात्रीच होती.

त्या दिवसापासून माझी दुसरी ओळ कुणाला नको होती. कुणी तसं बोललं नाही. मी जायचे, बसायचे, लिहायचे सुद्धा. पण गाणं संपल्यावर पानं शेजारी ठेवायचं कारण उरलं नव्हतं. नागमणी आता लिहीतच नसे. ती चरखा फिरवत, कांड्या भरत, डोळे मिटून गाणं ऐकायची, आणि शैला तिला दुसऱ्या दिवशी सुवाच्य अक्षरात गाणं आणून द्यायची, समासाची रेघ मारून. अक्षर इतकं सुंदर की दोष काढायला जागा नाही. मी शोधली.

मी शैलाच्या कशाकशावर जळत होते याची यादी करायला बसले तर रात्र होईल. तिच्या सायकलवर, सायकलीच्या घंटीवर, तिच्या 'अगं' म्हणण्यावर. पुण्याला तिनं सिनेमे आधीच पाहिलेले असायचे, त्यावर. कुठल्याही गाण्याबद्दल आमची दोघींची वादावादी चालली की ती हळूच सांगायची, "पण पडद्यावर ते गाणं वेगळंच वाटतं." झालं. बोलणंच संपायचं. जिनं पाहिलंय तिच्यापुढं काय बोलणार? आणि सगळ्यात मोठं दुखणं हे की ती वाईट नव्हती. येताना माझ्यासाठीही पेन्सिल आणायची. ती पेन्सिल मी घ्यायचे आणि तिच्यानं काहीही लिहायचे नाही.

आईला न सांगताही कळलं होतं. एका दुपारी मी गेलेच नाही, भिंतीकडं तोंड करून पडून राहिले, तर ती म्हणाली, "का गं? जळायला ऊन कमी पडतंय व्हय तुला? जा तिकडं."

"न्हाय जायचं मला."

"मग नगं जाऊस. पर हितं पडून उसासं टाकू नगंस, घर लई तापतंय."

त्या वेळी एक गाणं फार गाजत होतं. सिनेमा अजून सोलापूरला लागायचा होता आणि या एकाच सिनेमाच्या बाबतीत शैलाही आमच्यासारखीच होती, तिनंही तो पाहिला नव्हता. गाण्याची दोन कडवी रोज ऐकू यायची. तिसरं आहे असं सगळे म्हणत, पण रेडिओ तिथवर जाऊच द्यायचा नाही. नागमणी अगदी वेडी झाली होती. तिच्या मावसबहिणीचं लग्न जवळ आलं होतं आणि हळदीच्या दिवशी बायकांत तिला ते पूर्ण म्हणायचं होतं. "तिसरं कुणी आणून दिलं ना," ती म्हणाली, "तर मी त्याला जलमभर इसरणार न्हाय."

शैला म्हणाली, "पुण्याला मैत्रिणीला पत्र टाकते."

त्याच आठवड्यात मी टेंभुर्णीला मामाकडं चार दिवस गेले. हमरस्त्यावरचं गाव, सारखे ट्रक यायचे-जायचे, आणि तिठ्यावरच्या हॉटेलात रेकॉर्डी लावत. ते गाणं मी तिथं खरोखरच ऐकलं. दोन कडवी झाली आणि सुई घसरून पुन्हा सुरुवातीवर गेली, कारण रेकॉर्ड चरा पडलेली होती. मी मामाच्या ओसरीवर येऊन बसले. त्या तीन दिवसांत मी काय केलं हे मी तेव्हा स्वतःलाही धड सांगितलं नव्हतं. यमकं तर माझ्या हातात होतीच. चालही पाठ होती. मला फक्त पहिल्या ओळी नव्या होत्या.

सोलापूरला उतरले ती घरी न जाता थेट नागमणीकडं. पावणेबारा झाले होते. शैला आलेली होती.

"मिळालं," मी म्हणाले. "तिसरं. टेंभुर्णीच्या हॉटेलात अख्खी रेकॉर्ड होती."

नागमणीनं चरख्यावरचा हात काढला. "खरं?"

"मग काय खोटं?"

माग थांबले. मी म्हणून दाखवलं. मुद्दाम भराभर म्हणाले, शैलाची पेन्सिल चुकावी म्हणून. ती चुकली नाही.

काम रुका, सब घर को लौटे, कान में शोर है जारी,
तू चुप है और मैं सुनता हूँ बात तेरी वो सारी.

आणखी दोन ओळी होत्या, त्या इतक्या बऱ्या नव्हत्या. नागमणीनं थांबलेल्या मागांकडं पाहिलं, मग माझ्याकडं, आणि म्हणाली, "परत म्हण." मी परत म्हटलं. तिसऱ्यांदा ती माझ्याबरोबर म्हणाली, आणि म्हणता म्हणता कितीतरी दिवसांनी माझ्या शेजारी येऊन बसली, गुडघ्याला गुडघा लावून.

शैला वही मिटत म्हणाली, "गीतकार तिसऱ्याला दमतो असं तू म्हणतेस ना सुमन? हा नाही दमला. हे तर तिन्हींत चांगलं आहे."

आणि मला त्या गीतकाराचा असा काही हेवा वाटला! ज्यानं त्यातला एक शब्दही लिहिला नव्हता त्याचं कौतुक माझ्या तोंडावर चाललं होतं, आणि मी मान हलवून हो म्हणत होते.

हळदीच्या दिवशी नागमणीनं ते गाणं तिन्ही कडव्यांसकट म्हटलं. तिसऱ्याला एका म्हातारीनं डोळ्याला पदर लावला, तिचा नवरा मागावर बसल्या बसल्याच गेला होता म्हणे. मग पोरींनी वह्या मागून नेल्या. आठवड्याभरात ते कडवं नळावर ऐकू यायला लागलं. धुणं धुताना बायका तेवढंच म्हणायच्या, आधीची दोन सोडून. मी बादली भरत उभी असायचे आणि ते माझं असून मला म्हणता यायचं नाही. म्हटलं असतं तरी कुणी वळून पाहिलं नसतं, सगळ्याच म्हणत होत्या. लोकांना सांगून टाकावं असं दिवसातून दहादा वाटायचं. सांगितलं तर नागमणी जाणार आणि नाही सांगितलं तर कडवं जाणार. मी नागमणी ठेवली. रोज बाराला माझी जागा तिच्या शेजारी असायची, शैला समोर. त्या दहा-बारा दिवसांइतकी मी पुढं कधी सुखात होते असं मला आठवत नाही.

मग सिनेमा लागला.

दुपारच्या खेळाला आमच्या गल्लीतल्या निम्म्या बायका निघाल्या. बायकांच्या वेगळ्या जागेत तीन रांगा आमच्याच. नागमणी मध्ये, एका बाजूला मी, दुसऱ्या बाजूला शैला. पंखे नुसतेच कुरकुरत होते, आणि मी सारखी दाराकडं पाहत होते. पळून जायचं तर मध्ये दहा बायकांचे गुडघे.

गाणं आलं. बर्फाचे डोंगर, लाल स्वेटरातला हिरो. पहिलं कडवं बायका बरोबर म्हणाल्या. दुसरंही म्हणाल्या. मग बासरी वाजली आणि तिसऱ्याला नागमणीनं मोठ्यानं सुरुवात केली, "काम रुका..." आणि तिच्याबरोबर तिन्ही रांगा. पडद्यावर हिरो वेगळंच म्हणत होता. त्यात चांद होता, चांदनी होती, किनाराही होता. एक ओळभर दोन्ही गाणी एकमेकांवर आदळत राहिली. पुढच्या पुरुषांनी श्श श्श केलं. बायका गडबडून थांबल्या. मागून कुणीतरी ठसक्यात म्हणालं, "फिलमात चुकलंय गं!" आणि सगळ्या हसल्या.

नागमणी हसली नाही. शैलानं नागमणीच्या मागून माझ्याकडं पाहिलं. अंधारातही मला ते पाहणं कळलं. बाकी सिनेमात काय झालं ते मला आजही ठाऊक नाही. हिरो मेला की काय कोण जाणे.

परतताना शैला सायकलवर तिच्या वाटेनं गेली. नागमणीनं आपल्या दाराशी आल्यावर नुसतं "ये उद्या" म्हटलं, आणि ते तिनं कसं म्हटलं याचा विचार मी सकाळपर्यंत करत राहिले. आता मी गेले, असंच धरून चालले होते. खोटारडीला कोण शेजारी बसवून घेतं?

दुसऱ्या दिवशी गेले. माग थांबले. नागमणीनं रेडिओ लावला नाही. शैला आली नव्हती. नागमणी कांड्या टोपलीत टाकत म्हणाली, "एक सांग. त्या हिरोनं अख्ख्या पिच्चरमदी कदी काम केलंय का?"

"न्हाय."

"मोटर चालवली, बर्फात लोळला. मग त्याचं काम कुटलं रुकलं गं?"

मी टोपलीतल्या कांड्या मोजायला लागले.

"मला त्याच दिवशी कळलं होतं," ती म्हणाली. "कानात शोर चालू राहतो ते बर्फातल्या माणसाला कुटनं ठाऊक? ते हितल्या माणसाला ठाऊक. न्हाय तर हितं रोज येणाऱ्याला."

"मग बोलली का न्हाईस?"

"बोलले असते तर तू दुसऱ्या दिवशी आली असतीस?"

मला रडू आलं. ते लाजेचं होतं की सुखाचं, त्या वेळी वेगळं करता आलं नाही. म्हणजे तिनं हळदीत म्हटलं ते माझं म्हणून म्हटलं होतं. नळावर सगळ्या गीतकाराचं म्हणून म्हणत होत्या, एकटी ती माझं म्हणून म्हणत होती. मला आणखी काय हवं होतं?

नागमणीनं माझ्या हातात कोरा कागद दिला. "आता चौथं लिही," ती म्हणाली. "तसंच. तुझं म्हणून."

"लिहिते," मी म्हणाले. डोळे अजून पुसत होते. तिनं मागितलं असतं तर चौदावंही लिहिलं असतं.

"परवापातुर दे. शैलाच्या बाबांची परत बदली झाली, शनवारी जायचेत ते. तिनं मला एवढी वही भरून दिली, मी तिला काय देऊ? चादरी त्यांच्याकडं हायतच." मग माझ्या चेहऱ्याकडं न पाहता, चरखा जवळ ओढत ती म्हणाली, "तिलाबी कळलंय तुझं हाय ते. काल सांजच्याला दारात येऊन गेली, तवा म्हणाली, सुमननं लिहिलेलं आणखी असलं तर मला हवं."

मी कागद घडी करून पोलक्यात ठेवला आणि घरी आले. आधी वाटलं लिहूच नये. मग वाटलं वाईट लिहावं, चांद आणि चांदनी घालून, पडद्यावरच्यासारखं. प्रयत्नही केला. पण हातातलं एकदा जमलेलं यमक मुद्दाम बिघडवणं मला जमेना. तिच्या सायकलीवर, अक्षरावर, समासावर मी जितकी जळले होते ते सगळं त्या चार ओळींत कुठून कुठं गेलं कुणास ठाऊक, पण कागदावर आलं ते जळकं नव्हतं. ते चांगलं होतं. तिसऱ्याहून कितीतरी चांगलं होतं, आणि हे मला लिहितानाच कळत होतं. त्याची नक्कल काढायची बुद्धी मला झाली नाही. म्हटलं, नागमणी गाईल तेव्हा पाठ होईलच.

शुक्रवारी बाराला मी तो कागद तिला दिला. माग नुकतेच थांबले होते. ती भिंतीला टेकून उभी राहिली आणि ओठ न हलवता वाचत गेली. मी तिच्या चेहऱ्याकडं पाहत होते. शेवटची ओळ वाचून ती पुन्हा पहिल्या ओळीवर गेली.

"म्हण की," मी म्हणाले.

तिनं कागद दोनदा घडी करून मुठीत धरला आणि नाही अशी मान हलवली.

"आदी तिला," ती म्हणाली.